करा धरून उभी होती ती कोण?

भूतखेत, चकवा असलं काही मी कधी मानलं नाही... आजही मानत नाही. पण ब्याऐंशी सालचं हे कुठे बसवावं ते कळत नाही, म्हणून लिहितेय.

आमचं गाव समुद्रपूर. मी डी.एड. होऊन घरी बसलेली — ना नोकरी, ना लग्न, नुसती लटकलेली. त्यात मला बघायला आलेल्या मुलाने धाकट्या सुषमाला पसंत केलं! दिसायला ती उजवी, कबूल. पण अंगाची लाही लाही झाली. वर तिच्या लग्नात करवली मीच — नवरीच्या मागे पाण्याचा करा धरून हसतमुखाने उभं राहायचं. मी निमित्त काढून कारंज्याला मावशीकडे जाऊन बसले. लग्नाच्या दिवशी पहाटेच मावशीने बळेच एसटीत बसवलं.

हिंगणघाट सोडलं आणि गाडी बंद पडली. दोन्हीकडे कपाशी, मध्ये आम्ही. कंडक्टर म्हणाला, दुसरी गाडी येईल तेव्हा येईल. मुहूर्त टळला तेव्हा मी बाभळीखाली बसले होते, आणि खरं सांगू? बरंच वाटलं. उभी राहा म्हणावं आता एकटी.

घरी पोचले तर पंगती उठत होत्या. वाटलं, आई फाडून खाणार... ती उलट म्हणाली, मघाशी किती छान उभी होतीस, मग कुठे गायब झालीस? मला तो टोमणाच वाटला. सुषमाजवळ गेले, तर तिने माझ्या वेणीतून पिवळ्या अक्षता काढल्या. गाडीतून आत्ता उतरलेल्या मुलीच्या वेणीत!

"सुषमे, मी आत्ता येऊन राह्यली."

"मस्करी नको करू, ताई. मले रडू आलं, तं तूच कानात बोलली न."

"काय बोलली?"

"माही फिकर नको करू. पुढं मी लय खुशीत हाये, मी पाहून आली."

सुषमावरची माझी जळजळ तिथेच संपली. ती सगळी मांडवात माझ्या जागी उभी राहिलेल्या त्या दुसरीकडे वळली. माझ्या बहिणीचे डोळे पुसायचा मान तिने घेतला, आणि माझं पुढचंही तिलाच आधी ठाऊक!

नोकरी लागायला वर्षं गेली, लग्न त्याहून उशिरा. अधेमधे लटकलेल्या त्या दिवसांत मी तिच्याच वाक्यावर तग धरला. मी बाभळीखाली होते याला गाडीभर माणसं साक्षी, मांडवात होते याला अख्खं गाव. उलगडा आजतागायत नाही. आज मी खुशीत आहे, तिचं खरं ठरलं. तरी त्या बयेचा हेवा वाटतोच... ती नुसती पाहून आली, मला एकेक दिवस काढत इथवर यावं लागलं.