कुलूपवाले सर

आईवडिलांनंतर मी सर्वांत जास्त कुणाचा ऋणी असेन, तर आमच्या कुलूपवाल्या सरांचा. दहिसरपासून देवनारपर्यंत पालथं घातलं तरी कुलपावर इतका जीव लावणारा माणूस सापडायचा नाही. अंधेरीच्या आमच्या कचेरीत ते नेटवर्कचे प्रमुख होते. निरनिराळ्या शाखांतले राउटर आणि स्विच, म्हणजे नेटवर्क जोडणारी यंत्रं, आपल्या जागेवर बसून, लांबून चालवायची, हे आमचं काम. त्यासाठी पासवर्ड वापरणं म्हणजे सरांच्या मते पायपुसण्याखाली चावी ठेवणं. त्याऐवजी प्रत्येकाने संगणकाकडून अक्षरांच्या दोन लांबलचक माळा करून घ्यायच्या. एक यंत्रावर बसवायची, दुसरी जपून आपल्याजवळ ठेवायची. सगळं जग दोन्हींना 'की' म्हणतं. सर पहिलीला कुलूप म्हणत आणि दुसरीला किल्ली. चुकून कुणी 'की' म्हणालं, तर चष्म्यावरून बघत विचारत, "की काय? पुढचं वाक्य बोल!"

"कुलूप गावभर वाट रे, किल्ली बायकोलासुद्धा दाखवू नकोस," हे ते प्रत्येक नव्या माणसाला बजावत. आणि हाच गृहस्थ मुलुंडच्या स्वतःच्या घराची किल्ली आठवड्यातून दोनदा विसरून, काकू कामावरून येईपर्यंत जिन्यात बसलेला असे. शेवटी काकूंनीच सोय केली. मला हळूच म्हणाल्या, "तुमच्या राउटरला सांगू नकोस हं, ह्यांची एक किल्ली शेजारच्या वहिनींकडे ठेवलीय."

मी परांड्याहून आलेला, घरातला पहिला पदवीधर. नोकरी कायम व्हायला आठवडा उरला होता, आणि गावी वडिलांनी तर ती झाल्याचं सांगूनही टाकलं होतं. अशात दिंडोशी शाखेच्या स्विचवर मी कुलूप बसवलं, उत्साहाच्या भरात पासवर्ड बंद केला आणि स्विचमधून बाहेर पडलो. पुन्हा आत जाता येईना. मेलमधून चिकटवताना कुलपाची माळ मधेच तुटली होती.

"सर, वाट लागली."

"स्क्रीनवर दुसरी खिडकी उघडून, किल्लीने आत शिरून बघितलंस?"

"नाही."

"आणि पहिली?"

"बंद केली."

सरांनी डब्याच्या पिशवीतून निळी केबल काढली. यंत्राला थेट जोडायची ही केबल त्यांच्या पोळीभाजीशेजारीच राही. आम्ही रिक्षाने दिंडोशीला निघालो. जोगेश्वरीला सरांनी एक पुडी पुढे केली. "चिवडा खा. उपाशी माणसाचं टायपिंग चुकतं."

स्विच पाच मिनिटांत ताळ्यावर आला. नोंदवहीत सरांनी लिहिलं : चूक दोघांची. याने तपासलं नाही, मी विचारलं नाही. आठवड्याने मी कायम झालो.

गेल्या महिन्यात सर निवृत्त झाले. सोडून गेलेल्या माणसाचं कुलूप प्रत्येक यंत्रावरून काढायचं, हा नियम त्यांचाच. ते काम माझ्याकडे आलं. त्याच आठवड्यात कुरिअरने एक पाकीट आलं. आत पितळी किल्ली आणि सरांची चिठ्ठी : "शेजारच्या वहिनी बोरिवलीला राहायला गेल्या. तू भांडुपात, जवळच असतोस." मी उत्तर पाठवलं :

आदरणीय सर,

सा. न. वि. वि.

आज दिंडोशीच्या स्विचवरून तुमचं कुलूप काढलं. मुद्दाम ते शेवटी ठेवलं होतं. पहिली खिडकी उघडी ठेवली, दुसरीतून माझ्या किल्लीने आत जाऊन पाहिलं, मगच काढलं.

तुमची किल्ली मिळाली. डब्याच्या पिशवीत, निळ्या केबलशेजारी ठेवली आहे. बायकोलासुद्धा दाखवलेली नाही. विसरलात तर जिन्यात बसून राहू नका, फोन करा. मी चिवडा घेऊन येतो.