भरलेले तास, रिकामे तास

दोनशे तासांना चोवीसनं भागायची दुर्बुद्धी मला नेमकी भरल्या घरात झाली. मुलगी विमान चालवण्याचा परवाना घेऊन बोरगाव मेघेच्या आमच्या घरी परतली होती, त्यानिमित्त चार नातेवाईक जेवायला बोलावले होते. कुणीतरी विचारलं, पायलट व्हायला किती उडावं लागतं? "दोनशे तास," ती म्हणाली. मी लगेच बोटांवर हिशेब केला आणि जाहीर केलं, "म्हणजे आठ दिवस आणि वर आठ तास! एवढ्यात तर आपल्याकडं लग्नाचा मांडवही सुटत नाही." सगळे हसले. मुलगी हसली नाही. आणि कोपऱ्यात पाटवडीच्या रश्श्यात पोळी कुस्करत बसलेल्या माझ्या बायकोच्या मामांनी हात थांबवून माझ्याकडे पाहिलं.

"जवाई," ते म्हणाले, "तास मोजाचे नसते. तास पाहाचे असते."

माणसाच्या अनुभवाचं खरं वजन सांगणारा असा दुसरा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात नाही, असं माझं ठाम मत आहे. मामा विमानात एकदाही बसलेले नाहीत, पण त्यानं या मताला काडीची बाधा येत नाही. हायवेवरच्या जाम गावच्या चौफुलीजवळ त्यांचे पाच-सहा ट्रक उभे असतात. नोकरी मागायला आलेल्या ड्रायव्हरचा परवाना ते हातातसुद्धा घेत नाहीत. त्यांचा पहिला प्रश्न, "रिकामी चालवली का भरलेली?" दुसरा, "बाजूले कोण होतं?" मग ते त्याला कापसाच्या गाठींनी भरलेली गाडी मागे घ्यायला सांगतात आणि स्वतः खाटेवर तिच्याकडे पाठ करून बसतात. कारण विचाराल तर म्हणतात, "गाडी कानानं पाह्यची. डोळ्याले काय, कोणीबी फसवते." सरळ हायवेवरचे किलोमीटर ते हिशेबात धरतच नाहीत. पावसाळ्यातल्या पांदणरस्त्याचे किलोमीटर मात्र दुपटीनं धरतात. ही फूटपट्टी ते ड्रायव्हरपुरती ठेवत असते तर ठीक होतं. एका लग्नाच्या बैठकीत मुलीची आई म्हणाली, "पोरीला सगळा स्वयंपाक येतो." मामांनी विचारलं, "पाहुणे न सांगता आले तवा केला का सांगून आले तवा?" मी एकदा फुशारकीनं म्हणालो, की कचेरीत सव्वीस वर्षं झाली मला. ते शांतपणे म्हणाले, "त्यातले भरलेले किती अन् रिकामे किती?" स्वयंपाकघरातून बायकोचं हसू ऐकू आलं.

तर जेवणं झाली, पाहुणे पांगले आणि मामा मात्र हात पुसून मुलीसमोर बसले. "आण तुह्यी वही."

प्रत्येक उड्डाणाची नोंद असलेली ती लांबट वही तिनं आणली. मामा चष्मा लावून एकेका ओळीवर बोट फिरवू लागले. हे एका इंजिनाचं का? हे दोन इंजिनांचं? हे रात्रीचं? ढगात नुसते काटे पाहून चालवलं ते कोणतं? ती सांगत गेली, ते "हं" करत गेले. शेवटी एका रकान्यावर त्यांचं बोट थांबलं. "अन् हे?"

"हे मी जबाबदार असताना उडालेले तास, आजोबा. विमान माझ्या हवाली."

"हे भरलेले," मामा म्हणाले आणि त्यांनी चष्मा काढला.

खरी अडचण यानंतर बाहेर आली. मुलीपुढं दोन नोकऱ्या होत्या आणि सोमवारपर्यंत एकीला होकार द्यायचा होता. एक, भाड्यानं जाणाऱ्या विमानांच्या एका कंपनीत सहवैमानिकाची. दोन इंजिनांचं चकचकीत विमान, बड्या लोकांची ने-आण, खांद्यावर पट्ट्या. दुसरी, एका प्रशिक्षण संस्थेत छोट्या विमानावर शिकवण्याची. "दोन इंजिनांचे तास पुढं मोठ्या कंपन्यांना हवे असतात," ती म्हणाली. "पण शिकवलं तर उडणं रोज होईल, आणि तास माझ्या जबाबदारीचे. चुकीचे तास जमवले तर काही वर्षं तशीच जातील. मला कळेनासं झालंय."

मला मात्र अगदी कळलं होतं. मी चकचकीत विमानाच्या बाजूनं असा काही बोललो, की ते मीच विकायला काढलंय असं वाटावं. मामांनी मला पुरं बोलू दिलं. मग कंपनीचा नंबर मागितला आणि कुणी अडवायच्या आत फोन लावून स्पीकर सुरू केला. हिंदीवर आल्यावर मामांचा आवाज नेहमी चढतो.

"हॅलो! हमारी पोरगी आपके यहाँ आनेवाली है। वो बैठेगी या चलाएगी?"

पलीकडचा माणूस गोंधळला. "सर, शुरू में तो… ऑब्झर्व करेगी।"

"और गाडी महिने में कितने बार निकलती?"

"वो तो सर, गेस्ट पे डिपेंड करता है।"

मामांनी नमस्कार करून फोन ठेवला. "वरातीची गाडी हाय ही," ते म्हणाले. "धुऊन-पुसून उभी राह्यते. नवरदेव आला का निंगते."

मुलगी खळखळून हसली. त्या दिवसात पहिल्यांदाच. मामा मात्र हसले नाहीत. "पोट्टे, मी नऊ वर्षं उस्तादाच्या बाजूले बसलतो. क्लीनर. जिल्ह्यात तसा ड्रायव्हर नव्हता. सारं पाह्यलं, सारं पाठ. अन् एक दिवस कारंज्याच्या अलीकडं उस्तादाले ताप भरला. म्हणे, आता तू घे. घेतली. अन् भरली गाडी संत्र्याच्या बागेत नेऊन उभी केली. झाडावरचे संत्रे माह्या मांडीवर. उस्तादाची चूक नव्हती. तो चांगला होता म्हणून तर मले कधी काही करा लागलं नाई. मग दोन वर्षं एक खटारा मेटाडोर हाकली, गावोगावचा कापूस आणला. तवा कुठं हात आले. मोठी गाडी त्याच्यानंतर."

नऊ वर्षांचा हा हिशेब घरात कुणालाच ठाऊक नव्हता. बायकोसुद्धा दारात येऊन उभी राहिली होती. खरं म्हणजे इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण मी पुन्हा म्हणालो, "तरी मामा, शेजारी कुणी जुनं, जाणतं माणूस बसलेलं असलं म्हणजे…"

"जवाई," मामा हळूच म्हणाले, "तुम्ही पोट्टीच्या नोकरीचं पाहून राह्यले का आपल्या झोपेचं?"

मी छताच्या पंख्याकडं पाहू लागलो. तो बंद होता, त्यामुळं पाहण्यासारखंही काही नव्हतं. मुलगी उठून माझ्याजवळ येऊन बसली. "बाबा, पहिल्यांदा एकटी उडाले ना, तेव्हा मी तुम्हाला आधी सांगितलंच नव्हतं. उतरल्यावर फोन केला. तुम्ही म्हणालात, चहा पीत बसलोय."

"हो."

"तो चहा तुम्ही निवांत प्यावा, म्हणून नाही सांगितलं."

मामांनी तिला काय निवडायचं ते सांगितलं नाही. "म्या दोन्ही रस्ते दाखोले. जाचं तुले हाय," एवढंच म्हणाले. तिनं वही मिटली आणि म्हणाली, "शिकवायला जाते." खरं सांगतो, मला आधी धस्स झालं आणि मागोमाग अंगावरून पोतं उतरवावं तसं हलकं वाटलं. कुठलं विमान सुरक्षित, कुठलं प्रतिष्ठेचं, याचं ज्ञान पाजळायची माझी नोकरी त्या क्षणी सुटली होती.

आता मामा दर रविवारी तिला फोन करतात. खुशाली नंतर. आधी, "या हप्त्यात कोणते तास?" सुटीत आली तेव्हा ती म्हणाली, आजोबा, एकदा माझ्याबरोबर वर चला. "नाई माय," मामा म्हणाले. "बाजूले बसाचे माहे सारे तास भरले. मी खालूनच ऐकीन. आवाजावरून समजन मले, तूच हायेस म्हणून."

परवा सकाळी तिचा फोन आला. तिनं शिकवलेला पहिला विद्यार्थी एकटा उडून सुखरूप उतरला होता. तो वर होता तेवढा वेळ ती धावपट्टीच्या कडेला आभाळाकडं पाहत उभी होती, असं ती हसत सांगत होती. मी फोन ठेवला आणि बायकोला म्हणालो, की पोरगी नुसती उभी राहून पाहत होती, तरी इकडं घोर मलाच लागला.

बायको तुरीच्या शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही आता सोडा तो घोर. आज ती पाळी त्या पोराच्या बापाची होती. अन् पोरानं त्याले आधी सांगितलं असन का नाई, कोणाले ठाऊक."