विहीणबाईंची करवत आणि ताईंचा कठडा

माझ्या मुलीच्या सासूबाई, म्हणजे आमच्या विहीणबाई, निवृत्त झाल्या तेव्हा कारखान्यातल्या लोकांनी त्यांना विचारलं, "भिंतीवरचं घड्याळ देऊ का?" त्या म्हणाल्या, "घड्याळ बघत एकतीस वर्षं काढली, आता पुरे. द्यायचंच असेल तर हातात धरायची बँडसॉ द्या." लोक आधी हसले, मग खरंच आणून दिली. समारंभाला मी पुढच्याच खुर्चीत होतो. खोक्यातून एखाद्या गुटगुटीत पोरासारखं जड यंत्र निघालं. दोन चाकं, त्यांवरून फिरणारा पातळ पोलादी पट्टा, पट्ट्याला करवतीसारखे बारीक दात. विहीणबाईंनी ते दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरलं. आमचा नातू झाला तेव्हा त्यालाही असंच धरलं होतं. खोटं सांगत नाही, दोन्ही फोटो आहेत.

बाई कारखान्यात लागल्या त्या खोकी बांधायला. जेवणाच्या सुट्टीत मात्र फिटर लोकांच्या बाकाशी जाऊन उभ्या राहायच्या. एकाने चिडवलं, "नुसतं बघून काय होणार बाई, कानस धरून दाखवा." त्यांनी जी धरली ती निवृत्त होईपर्यंत सोडली नाही. त्या पाळीवर असल्या की माझ्या जावयाला सांभाळायची त्यांची थोरली बहीण. तिला सगळे ताई म्हणतात. ताई आजही विहीणबाईंकडेच राहतात. दोघी बहिणी सकाळपासून भांडतात आणि एकमेकींशिवाय चहा पीत नाहीत.

घरामागच्या जुन्या न्हाणीघरात विहीणबाईंनी आपला कारखाना थाटला. नळ तसाच ठेवला, हात धुवायला बरा म्हणून. मी शिंपी माणूस, जन्मभर कात्री चालवलेली, त्यामुळे कुठेही काही कापलं जात असेल तर मला राहवत नाही. रोज जाऊन बसायचो. एकदा हट्टाने करवत मागून घेतली आणि पाइपावर असा जोर लावला की पट्टा चाकावरून निसटला.

"व्याही, कात्री नाही ती!" विहीणबाई ओरडल्या. "दाबायचं नाही. तिच्या वजनाने तिला उतरू द्या. पाइपावर एका वेळी तीन दात तरी टेकले पाहिजेत, एवढं बघा आणि गप्प उभे राहा."

गप्प उभं राहणं सोडून बाकी सगळं मला जमलं. खरंच सांगतो, छान चालते हो ती. ग्राइंडरसारखा ठिणग्यांचा पाऊस नाही की कानठळ्या नाहीत. घूं घूं करत उतरते, आणि शेवटी तुकडा अलगद विहीणबाईंच्या तळहातावर येतो. तो खाली पडलेला त्यांना चालत नाही.

तर, ताईंचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, दवाखान्यातच आधार धरून चालू लागल्या. त्यांचा मुलगा दूरच्या शहरात असतो, तो धावत आला. म्हणाला, "आई, आता तू माझ्याकडेच चल. आमच्याकडे लिफ्ट आहे. मावशीच्या दारात चार पायऱ्या, धरायला काही नाही."

ताई म्हणाल्या, "पायऱ्या माझी मी चढले तर धाकटीकडेच राहीन. नाही चढले तर ने. पण मला खुर्चीत घालून वर न्यायचं नाही. चार जणांनी उचलायची वेळ एकदाच येते, ती इतक्यात नको."

विहीणबाई तिथून उठल्या. घरी आल्या आणि वहीत कठड्याचं चित्र काढलं. पण दवाखान्याने ताईंना एक दिवस आधीच सोडायचं ठरवलं. आजच, संध्याकाळी पाचच्या आत. मुलाने लगेच त्याच रात्रीच्या आठच्या गाडीचं तिकीट काढलं, आणि आईचंही. दुकानं त्या दिवशी बंद. घरात एकच पाइप होता, सव्वासतरा फुटांचा. वरची दांडी पाच फूट, चार खांब तीन तीन फूट. तीन इंच तेवढे शिल्लक.

जन्मात घाई न केलेल्या बाईने त्या दिवशी घाई केली. "व्याही, तुम्ही खुणा करा, मी वेल्डरला गाठून येते," म्हणाल्या आणि चपला घालून पळाल्या.

मी खडू घेतला. टेप लावली. आल्यावर त्यांनी एकामागून एक तुकडे कापले. दांडी, एक खांब, दुसरा, तिसरा. मी पाइपाचं टोक धरून, वरून तेलाचे थेंब सोडत, माझ्या मास्तरांचा एक किस्सा सांगत होतो. उरलेला चौथा खांब त्यांनी मोजला. मग पुन्हा मोजला.

"तेहतीस."

"छत्तीस हवेत ना?"

"म्हणून तर विचारतेय. काय केलंत?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पन्नास वर्षांची सवय! प्रत्येक तुकड्याला मी दीड इंच माया सोडली होती. शिवणीत दुमडायला.

"लोखंडाला माया?" विहीणबाई मटकन स्टुलावर बसल्या. "आता हे कुठे दुमडू मी, व्याही? काज-बटण पण करून ठेवायचं होतंत!"

मी हसणार होतो, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी दिसलं. हळूच म्हणाल्या, "जाईल हो ती. तिकीट काढलंय त्याने."

मी गप्प झालो. म्हणजे बघा. खांबाकडे बघत राहिलो आणि मग विचारलं, "हे छत्तीस आणले कुठून?"

"माझ्या कमरेवर मोजले."

"तुम्ही केवढ्या, ताई केवढ्या! दवाखान्यासाठी ताईंचा गाऊन मी शिवलाय. खांद्यापासून घोट्यापर्यंत पंचेचाळीस, घोट्याखाली तीन. झाले अठ्ठेचाळीस. खांद्यापासून मनगट एकोणीस, ते वजा. एकोणतीस. चपलेचा एक. आणि आधाराची दांडी मनगटाच्या चार बोटं वर हवी, म्हणजे आणखी तीन."

विहीणबाईंनी बोटांवर हिशेब केला, मग आणखी एकदा केला. उठल्या, तिन्ही खांब एकत्र शिकंज्यात आवळले, आणि या वेळी काटकोनाचा गुण्या लावून रेघ स्वतः मारली. करवत घूं करत उतरली. तीन तुकडे त्यांच्या तळहातावर आले. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "घ्या तुमची माया, बांगड्या करा."

वेल्डरने तळपट्ट्या जोडल्या, पायऱ्यांना भोकं पाडून बोल्ट आवळले. विहीणबाई दांडीला लोंबकळल्या, मला लोंबकळायला लावलं. कठडा हलला नाही. पाचला दहा मिनिटं असताना त्या कानशीने शेवटची धार मोडत होत्या, तेवढ्यात रिक्षा दारात.

ताई उतरल्या. मुलगा मागे, दोन्ही हात पुढे करून. ताईंनी कठड्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे. "रंग नाही दिला?"

"चढ आधी. मग रंगाचं बघू."

ताईंनी हात टाकला. दांडी बरोबर मुठीत बसली, शोधावी लागली नाही. चांगला पाय वर, मग दुसरा. एक पायरी. तिसऱ्या पायरीवर थांबल्या तेव्हा विहीणबाईंनी माझं मनगट एवढं आवळलं की शिकंजा बरा. मग चौथी.

उंबऱ्यात उभं राहून ताईंनी श्वास घेतला आणि मागे वळल्या.

"तुझी गाडी किती वाजताची रे?"

"आठची," मुलगा म्हणाला.

"मग चहा घे आणि नीघ वेळेवर. माझं तिकीट रद्द कर जाताना. आणि धाकटे, तू काय बघत उभी आहेस? आधण ठेव."

"माझे हात तेलाचे आहेत, तूच ठेव," विहीणबाई म्हणाल्या, आणि आत दोघींचं भांडण सुरू झालं.