कुंभारीच्या अलीकडचा लिंब

परवा रविवारी अक्कलकोटला जाऊन आलो... सायकलवर. जाऊन येऊन पन्नास मैल. अजून जिना उतरताना कठडा धरावा लागतोय आणि बायको तोंडाला पदर लावून हसतेय.

मी सोलापुरात गिरणीत, कापूस पिंजायच्या खात्यात. सहा वर्षं झाली, छातीत कापूसच भरलाय असं वाटतं... खोकला काही जात नाही. अशात साहेबांनी सायकलची शर्यत ठेवली. जो कामगार अकराच्या आत परत येईल, त्याचं नाव हापिसातल्या शिपायाच्या जागेसाठी. उघड्या हवेत हिंडून कागद पोचवायचे... मला दुसरं काय हवं होतं?

सायकल मेव्हण्याची. धड बसताही येत नव्हतं. तरी दोन महिने रोज पहाटे, पुढं रॉकेलचा दिवा लावून, कुंभारीच्या रस्त्याला जायचो. घड्याळ कुठलं आलंय! गिरणीचा पहिला भोंगा कानावर आला की वळायचं, म्हणजे कामाला वेळेत पोचता येतं. भोंगा व्हायचा तेव्हा मी बरोबर कुंभारीच्या अलीकडच्या एका लिंबापाशी असायचो. रविवारी भोंगा नसे, तरी सवयीनं वळायचो तिथंच.

आता अक्कल बघा माझी. शर्यत पन्नास मैलांची, आणि सराव केला रोज सात मैल जायचा न् सात यायचा!

ऊन टाळायला शर्यत पहाटेच सुटली, माझ्या रोजच्या वेळेला. लिंब मागं पडला आणि पाय बावचळले. वळसंगपर्यंत कसंबसं रेटलं, अक्कलकोट येईतो जीव मेटाकुटीला आला. परत येताना समोरून वारा, वर ऊन. दोनदा चेन उतरली. बाकीचे केव्हाच पुढं गेले होते...

लिंबापाशी आलो, सायकल टाकली आणि तिथंच पसरलो. ठरवलं, बास. येईल त्या बैलगाडीत सायकल टाकायची आणि घर गाठायचं. चुलीत गेली ती शर्यत!

तेवढ्यात समोरच्या खोपटातून एक म्हातारी तरातरा आली. रोज पहाटे दारात दिसायची, बोलणं कधी नाही. आली ती भांडायलाच. "आरं बाबा, आज वळला का न्हाईस? तुज्या नादानं दूध घरातच ऱ्हायलं की!"

मला काही उमजेना. मग तिनंच तणतणत सांगितलं... तिला ऐकू येत नाही. भोंगा काय, कानाशी ढोल वाजवला तरी नाही. मी लिंबाला वळलो की ती म्हाताऱ्याला उठवते, आणि तो दूध घेऊन शहराकडं जाणारी गाडी धरतो. रविवारी मी सरळ पुढं गेलो. बाई बसली माझ्या वळण्याची वाट बघत, आणि गाडी गेली निघून.

"पी आता तूच!" म्हणून तांब्याभर दूध हातात दिलं. मी हातवारे केले... दमलो, सायकल आता बास, गाडीनं जातो.

"गाडीनं? आन् उद्या वळायला कोन येनार, तुजा बाप? ऊठ!"

उठलो. पुढचे सात मैल कुणाच्या पायांनी आलो देव जाणे.

पोचलो तर टेबलं आवरत होते. हेडक्लार्क म्हणाले, "बारा वाजून गेले, राजे." शिपायाची जागा हुकली. घरी बायको पायाला तेल चोळत बसली... आणि मला रडू आलं, लपवत नाही.

काल पहाटे ती म्हणाली, "अहो, आता कशाला जाता? पडा की जरा." खरंच, कशाला जायचं? पडून राहिलो... पण दारात बसलेली ती म्हातारी काही डोळ्यांपुढून हलेना. कण्हत, कुथत उठलो.

भोंगा झाला आणि मी लिंबाला वळलो. तिनं लांबूनच हात वर केला आणि आत गेली, म्हाताऱ्याला उठवायला.

खातं तेच, खोकलाही आहेच. पण पहाटेच्या त्या चौदा मैलांत मी एकदाही खोकत नाही, हे काल पहिल्यांदा ध्यानात आलं... म्हातारे, तू उठवलं नसतंस तर मी हेही सोडून दिलं असतं गं.