पंडुमाआधी खोदलेली टेकडी

ती घटना आठवली की निवृत्तीनंतरही माझं डोकं तापतं. गडचिरोलीतल्या एका जंगलगावात मोडलेली हाडं बसवणाऱ्या एक म्हाताऱ्या बाई होत्या. त्यांचं औषध म्हणजे गावच्या टेकडीवर उगवणारा एक कंद. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. उद्या आणखी कोणी पोती घेऊन जायचा.

एका सकाळी त्या बाईच ठाण्यात आल्या. "साहेब, पंडुमाआधीच टेकडी खोदून नेली. एक कंद नाई ठेवला."

पंडुम म्हणजे त्या गावचा नव्याचा सण. तोवर बी पिकून जमिनीवर पडतं, म्हणून त्याआधी गावात कोणी त्या कंदाला हात लावत नाही.

ब्रह्मपुरीच्या पोलिसांना फोन करून नाकाबंदी लावली. दुपारी एक जीप सापडली, कंदांच्या पोत्यांसकट. सोबत एका औषध कंपनीचा खरेदी अधिकारी. पंचनामा करून त्याला समोर बसवलं. इस्त्रीचा शर्ट आणि वर मुजोरी.

"गावच्या बायांनीच परवा खोदून दिलं. राजीखुशीनं."

"पंडुमाआधी?"

पंडुम काय हेच त्याला ठाऊक नव्हतं. मी पोतं उघडलं. कंदांच्या देठांना हिरवं, कच्चं बी तसंच लटकलेलं. ते बघून ड्रायव्हरच बोलून गेला, "साहेब, मजूर बाहेरून आणले होते. मायचं हाड मोडलं म्हणून यायनं बाईले सांगतलं, तवा तिनं जागा दाखवली."

त्या अधिकाऱ्याची आई नागपुरात ठणठणीत होती.

व्यापारासाठी असं काही न्यायचं तर राज्याच्या जैवविविधता मंडळाला आधी कळवावं लागतं, गावच्या समितीचं मत घ्यावं लागतं, गावाला न्याय्य वाटा द्यावा लागतो. यातलं एकही केलं नव्हतं. पण न्यायालय दखल घेणार ती फक्त सरकारनं नेमलेल्या अधिकृत अधिकाऱ्याच्या तक्रारीवर, पोलिसांच्या नव्हे. मी कागद पाठवले, स्मरणपत्रं पाठवली. तक्रार काही आली नाही आणि तो मोकळा सुटला. आता तर कायदा बदलून तुरुंगही गेला, दंड तेवढा उरला. दंडानं टेकडी हिरवी होते, असं कोणाला वाटतं कोण जाणे.

गुन्हा फक्त मुद्देमालाचा नसतो, हे मला त्या प्रकरणानं शिकवलं. त्या दिवशी जबाबावर अंगठा देऊन बाई उठल्या आणि दारात थांबल्या.

"साहेब, त्याच्या मायचं हाड जुळलं का?"

या फसवणुकीला कलम कोणतं लावायचं, ते मला आजही सापडलेलं नाही.