चंद्रिकाताई आणि मुशीची पिल्लं

चंद्रिकाताई माणसाला नाव विचारायच्या आधी त्याचे दात बघायच्या. मी बोईसरच्या कॉलेजात रुजू झाले त्या दिवशी माझ्या तोंडात डोकावून म्हणाल्या, "सुळा फारच वर चढलाय हो तुमचा!" अस्सा राग आला मला!

बाई प्राणिशास्त्र शिकवायच्या आणि उरलेला वेळ मुशीच्या, म्हणजे छोट्या शार्कच्या, जबड्यात घालवायच्या. मुशीला जन्मभर नवे दात येतात, माणसाला दोनदाच. याचं उत्तर त्या पेशींतल्या इवल्याशा आरएनएंमध्ये शोधत होत्या. मुलांना सांगायच्या, "हे स्वतः काही घडवत नाहीत. जनुकांना गप्प बसवतात. कोणी कधी गप्प बसायचं, त्यावर दात ठरतो." हे आरएनए नासायला थुंकीचा शिंतोडाही पुरतो. म्हणून उघड्या नळीजवळ कोणी बोललं, की बाई खेकसायच्या, "तोंड मिटा!" प्राचार्यांनासुद्धा.

या कामावर एवढा जीव का टाकतात, ते मला नंतर कळलं. किनाऱ्यावरच्या दांडी गावात त्यांचा थोरला भाऊ राहायचा, जयरामदादा. होडी होती त्याची. त्याच्या सात वर्षांच्या लेकीला, मितालीला, एकही दात नव्हता; एक्स-रेत हिरडीखाली अंकुरसुद्धा दिसत नव्हता. शाळेतली पोरं तिला म्हातारी म्हणायची. "माजी बहीन पोरीला दात उगवून देनार," दादा गावभर सांगत सुटायचा. ताई नुसत्या ऐकून घ्यायच्या.

त्यांना मुशीच्या पोटातली पिल्लं हवी होती, ताजी, आरएनए टिकावेत म्हणून त्यांनी दिलेल्या औषधाच्या बाटलीत बुडवलेली; सुकली की ते नासलेच. वर्षानुवर्षं ती मिळत नव्हती. एका दुपारी दादा धापा टाकत प्रयोगशाळेत आला आणि त्यानं डबा उघडला. पिल्लं स्वच्छ धुतलेली, मीठ लावून कडक सुकवलेली.

"बाटली तुजी एवडीशी. म्हनलं, आपलं मीठ बरं. वर्सभर नाय बिगडनार!"

ताईंनी एक पिल्लू उचललं आणि परत डब्यात ठेवलं. त्यांचा चेहरा बघून दादा काय ते समजला.

"माज्या हातानं गेलं काय गं सगलं? पोरीचे दात मीच घालवले?" तो कपाळ बडवायला लागला. मला तर बघवेना.

ताईंनी त्याचे हात घट्ट धरले. "दादा, ऐक माजं. ताजी आनली असतीस ना, तरी मितालीला दात आले नसते. माज्या हयातीत कोनालाच नाय येनार यातून."

"मंग इतकी वर्सं बोलली का नाय?"

"तू किती खूश असायचास रे!"

दादानं डब्याचं झाकण लावलं.

"पोर खाली रिक्षात बसलीय," तो म्हणाला. "तिला तूच सांग."