शेजारचा खलनायक

अमेरिकेत, पिस्कॅटवेतल्या आमच्या टाउनहाउसची एक भिंत शेजारच्या घराशी सामाईक आहे. त्या घरात एक तुर्की बाई एकटी राहायची. युनिव्हर्सिटीत शिकवायची. बर्फ पडला की स्वतःच्या दारापुढचा उपसता उपसता आमच्याही दारापुढचा उपसून टाकायची. ओळख होती ती एवढीच. मग तिकडे इस्तंबूलला तिची आई वारली आणि ती वडिलांना इकडे घेऊन आली.

त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी जरा दचकलोच. आडमाप उंची, पांढऱ्या झुपकेदार मिशा, मोडून वाकडं जुळलेलं नाक, भुवईतून थेट कपाळात गेलेला व्रण. बायको खिडकीतून बघून म्हणाली, "अहो, हा माणूस कुणाचा तरी मुडदा पाडून आल्यासारखा दिसतो."

तिचं फारसं चुकलं नव्हतं. त्यांनी पुष्कळ मुडदे पाडले होते, पण सिनेमात. तुर्की सिनेमाच्या भरभराटीच्या काळात ते खलनायकाचं काम करत. बहुतेकदा खलनायकाच्या उजव्या हाताचं.

मी तेव्हा नुकताच रिटायर झालो होतो. नागपूर सोडून एक जन्म उलटला, सगळी नोकरी इथल्या कंपन्यांमध्ये गेली आणि आता सकाळी करायला काही नव्हतं. त्यांनाही नव्हतं. त्यामुळे आम्ही बरोबर चालायला जाऊ लागलो. त्यांचं इंग्रजी मोडकंतोडकं, माझं तुर्की शून्य. पण पहिल्याच आठवड्यात कळलं की हवा, दुनिया, दुकान, साबण हे शब्द दोघांकडेही आहेत. स्वतःच्या छातीवर बोट ठेवून ते म्हणाले, "सिनेमा, मी, दुश्मन." हाही शब्द सारखाच निघाला. ते मला 'कोम्शू' म्हणायचे, म्हणजे शेजारी. मी त्यांना 'आबी' म्हणू लागलो. त्यांच्या भाषेत आबी म्हणजे थोरला भाऊ.

रविवारी त्यांच्याकडे चहा असे. तेव्हा मुलगी मध्ये बसून भाषांतर करायची आणि त्यांची गोष्ट तुकड्यातुकड्यांनी कळत गेली. काळ्या समुद्राकाठचं गाव, बाप मासेमार. पोरवयात इस्तंबूलला पळाले आणि गोदीत हमाली करू लागले. एकदा तिथे शूटिंग चालू होतं. धक्क्यावरून पाण्यात पडायला माणूस हवा होता.

"त्यांनी विचारलं, पडता येतं का?" आबी सांगत होते. "मी म्हटलं, पडता कुणाला येत नाही?"

त्यानंतर ते वर्षानुवर्षं पडतच राहिले. घोड्यावरून, गच्चीवरून, जिन्यावरून. एकाच आठवड्यात दोन-तीन सिनेमे, अंगात तोच कोट. हिरो बदलायचे, मार खाणारे हेच. नाक एका हिरोनं खरंच मोडलं होतं. त्याला अंतराचा अंदाज नव्हता, म्हणाले. सिनेमा संपायच्या आधी यांचं मरण ठरलेलं, त्यामुळे शेवटच्या प्रसंगाच्या शूटिंगला त्यांना कुणी थांबवून घेत नसे.

पण पडद्यावर त्यांचा आवाज कधीच नव्हता. त्या काळी तिकडे शूटिंग मुकं व्हायचं. बाजूला उभा राहून एक जण वाक्यं ओरडून सांगायचा, नट नुसते ओठ हलवायचे, आणि मग स्टुडिओत दुसरंच कुणी आवाज द्यायचं. आबींना एका नाटकवाल्याचा आवाज असे. विहिरीतून यावा तसा खोल. आबींचा स्वतःचा आवाज बारीक, गावाकडचा हेल असलेला. रस्त्यात लोक चेहरा ओळखून घाबरायचे, आणि हे बोलले की हसायचे. म्हणून ते बाहेर बोलेनासेच झाले.

एका रविवारी ते औषध घेऊन लवंडल्यावर मुलीनं मला आणि बायकोला एक गोष्ट सांगितली, ती त्यांच्यासमोर कधी सांगितली नव्हती.

"अंकल, पडद्यावर ते बायकांना त्रास द्यायचे. रोल तोच होता. बाजारात एका म्हातारीनं त्यांना चपलेनं मारलं, मी बोट धरून उभी होते. शाळेत मुली म्हणायच्या, तुझा बाप घाणेरडा आहे. मी बाबांना म्हटलं, शाळेच्या दारात येऊ नका. मग ते कोपऱ्यावरच्या बेकरीमागे थांबायचे, मी बाहेर पडले की वीस पावलं मागून चालत यायचे. घरापर्यंत."

पुढे टीव्ही आला, थिएटरं ओस पडली. जी चालायची त्यात घाणेरडे सिनेमे लागायचे. आबींनी तसल्याही काही सिनेमांत काम केलं. घरात खाणारी तोंडं होती. मग लष्करानं सत्ता घेतली, तसले सिनेमेही बंद झाले. उरलेली वर्षं त्यांनी प्रवासी मिनीबस चालवली.

इथे आल्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात त्यांचा घसा बसला. आम्हाला वाटलं थंडी. बायकोनं आलं-हळदीचा काढा करून पाठवला. वसंत आला तरी आवाज फाटलेलाच. मुलीचं लेक्चर असलं की मीच त्यांना ड्राइव्ह करून हॉस्पिटलला न्यायचो. कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकायला सांगितलं. श्वास गळ्याला पाडलेल्या भोकातून घ्यायचा. बोलणं बंद.

तिथल्या थेरपिस्टनं सुचवलं की ऑपरेशनच्या आधी त्यांचा आवाज रेकॉर्ड करून ठेवा, घरच्यांना आधार होतो. मुलगी फोन घेऊन समोर बसली की आबींना रडू यायचं, ते उठून जायचे. शेवटी ती मला म्हणाली, "तुमच्याकडे बसवून बघता का?"

आमच्या डायनिंग टेबलापाशी मी त्यांना बसवलं. काय बोलू, असं त्यांनी हातानंच विचारलं. मला एकच सुचलं. इंटरनेटवर त्यांचा एक जुना सिनेमा शोधला, लॅपटॉपचा आवाज बंद केला, माझ्या फोनवर रेकॉर्डिंग चालू केलं आणि म्हटलं, "आबी, यू स्पीक." पडद्यावर काळ्या मिशांचा एक दांडगा तरुण कुणावर तरी खेकसत होता. आबींनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग त्या तरुणाच्या ओठांबरोबर बोलायला लागले. फाटका, बारीक आवाज. मध्येच हसले, मध्येच खोकले. एका प्रसंगात त्या तरुणानं एका मुलीचा हात धरून तिला ओढलं, तिथे ते फार हळू बोलले. दुपारभर आम्ही असे बसलो होतो. मला एक अक्षर कळत नव्हतं.

संध्याकाळी मुलगी आली. तिनं आमच्या किचनमध्येच उभं राहून माझा फोन कानाला लावला.

"काय डायलॉग आहेत?" बायकोनं विचारलं.

"डायलॉग नाहीयेत," ती म्हणाली. "ते हिरोला म्हणताहेत, हळू मार रे बाबा, कालचा खांदा दुखतोय. इथे म्हणताहेत, जेवायची सुट्टी कधी होणार." ती हसत होती. मग हसणं थांबलं. "आणि एका मुलीला म्हणताहेत, माफ कर पोरी. माझी लेक घरी तापानं फणफणलीये. हा सीन एकदाच नीट होऊ दे, म्हणजे मला सुटता येईल."

तिनं फोन ओट्यावर उलटा ठेवला आणि सिंकमधली भांडी घासायला लागली. भांडी आमची होती. बायकोनं तिला अडवलं नाही.

ऑपरेशन झालं. नंतर त्यांना एक यंत्र दिलं होतं, गळ्याला टेकवलं की धातूसारखा सपाट आवाज निघायचा. त्यांनी एकदाच ते लावून माझं नाव घेतलं. मग यंत्र खाली ठेवलं आणि लिहून बोलायला घेतलेल्या पाटीवर इंग्रजीत लिहिलं, 'नो मोर डबिंग.' त्याला पुन्हा हात लावला नाही.

पानगळीच्या सुमारास आजार पुन्हा डोकं वर काढू लागला. आता फुप्फुसात. आबींना इस्तंबूलला जायचं होतं, बायकोच्या कबरीपाशी. डॉक्टर विमानाला नाही म्हणत होते. मुलगी म्हणायची, उन्हाळ्यात जाऊ. उन्हाळा त्यांच्या वाट्याला नाही हे दोघांनाही कळत होतं. भिंतीपलीकडून भांडण ऐकू यायचं, पण एकाच बाजूचं. तिचा चढलेला आवाज, मग शांतता, मग पुन्हा तिचा आवाज. एकदा काहीतरी फुटलं. ती पाटी होती.

जानेवारीतल्या एका दुपारी आदल्या दिवशीचा बर्फ गोठून काच झाला होता. मी टीव्ही लावून बसलो होतो. बायको म्हणाली, "अहो, आवाज कमी करा. मागे कोणीतरी ठोकतंय."

"कचऱ्याचा डबा वाऱ्यानं आपटत असेल."

"वारा कुठे आहे?" असं म्हणत ती चप्पल घालून मागच्या दारानं बाहेर गेली, आणि लगेच तिनं मला हाक मारली, तशी हाक मी तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.

आबी त्यांच्या मागच्या पायऱ्यांखाली बर्फात पडले होते. अंगात कोट, खिशात पासपोर्ट, पायात घरातल्या सपाता. मांडीचं हाड मोडलं होतं. ओरडायला आवाज नव्हता, म्हणून बोटातल्या अंगठीनं ते पन्हाळीच्या पत्र्यावर ठोकत होते. किती वेळ, कुणास ठाऊक. बोटाचं सालटं निघालं होतं. गळ्यावरचा रुमाल सुटला होता आणि ती गोठलेली हवा गाळणीवाचून थेट आत जात होती. बायकोनं आपली शाल त्यांच्या गळ्याभोवती धरली, मी फोन केला. अँब्युलन्स येईपर्यंत ते आमच्याकडे बघत होते. घाबरलेले नव्हते. चिडलेले होते.

हॉस्पिटलात न्यूमोनिया झाला. काही दिवसांत ते गेले. मुलगी जवळ होती.

दफनाला माझ्या गाडीतून आम्ही तिघं गेलो. पॅटरसन गावाकडची बरीच तुर्की मंडळी आली होती. बहुतेकांनी आबींना कधी प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं, नुसतं पडद्यावर. माझ्याच वयाचा एक गृहस्थ डोळे पुसत मला इंग्रजीत म्हणाला, "लहानपणी मला या माणसाचा इतका राग यायचा! मेला की आम्ही पोरं टाळ्या वाजवायचो."

प्रार्थनेनंतर इमामनं लोकांकडे वळून मोठ्यानं काहीतरी विचारलं. सगळे एका आवाजात उत्तरले. शेजारच्या त्या गृहस्थानं मला समजावलं, "आमची रीत आहे. तो विचारतो, हा माणूस तुम्हाला कसा वाटला? आपण म्हणायचं, चांगला होता. मग तो विचारतो, याच्यावरचा तुमचा हक्क सोडलात का, म्हणजे याचं काही देणं, काही चूक राहिली असेल ती माफ केलीत का? आपण म्हणायचं, सोडला."

इमामनं पुन्हा विचारलं. मला तुर्कीत येत नव्हतं, मी मराठीत म्हणालो, "चांगला होता." दुसऱ्या प्रश्नालाही मराठीतच उत्तर दिलं.

माती गोठून ढेकळं झाली होती, फावडं आत शिरत नव्हतं. पुरुषांनी आळीपाळीनं ती हातांनी लोटली, मीही लोटली. मुलगी माझ्या बायकोचा हात धरून लांब उभी होती. तिथे बायका पुढे येत नसाव्यात. शेवटी ती आलीच. पुरुषांनी वाट दिली. तिनं वाकून दोन्ही हातांनी एक ढेकूळ उचललं, ते तिला फुटेना, तसंच खाली सोडलं.

परतताना रस्ताभर बर्फ भुरभुरत होता. मागच्या सीटवर ती बायकोच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. घर आलं तरी मी इंजिन चालूच ठेवलं, हीटरसाठी. बायकोनं आरशातून माझ्याकडे बघून मान हलवली, उठवू नका. आम्ही तसेच बसून राहिलो.